सायकलवाल्याचा रस्ता कोणीं खाल्ला?

पुणें शहराला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत असत. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची पाळी सुटली कीं सायकलींचा लोंढाच्या लोंढा बाहेर पडे. कारकून, प्रोफेसर, पोस्टमन, गवळी, चाकूसुऱ्यांना धार लावणारा, सारे त्याच दोन चाकांवर. ज्याला विकत घेण्याची ऐपत नसे तो दुकानांतून तासाच्या भाड्यानें काढी. म्युनिसिपालिटी सायकलीवर कर घेई आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्रीं दिवा नसला किंवा मागें दुसरा गडी बसविला कीं पोलीस शिट्टी फुंकून आडवा उभा. त्या वेळीं लोक या जाचाबद्दल कुरकुरत. पण आम्हांस आज असें वाटतें कीं, ज्याच्याकडून कर घेतात आणि ज्याला दंड करितात त्याची निदान मोजदाद तरी होते. आज पुण्यांत सायकलवाल्याला कोणी दंड करीत नाहीं, कारण तो कोणाच्या खिजगणतींतच नाहीं.

"सायकली संपल्या, आतां त्यांची चर्चा कशाला?" असें आमचे कांहीं पांढरपेशे मित्र म्हणतात. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, पहांटे पांच वाजतां सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या बाजूस येऊन घटकाभर उभें राहावें. रात्रपाळी करून परतणारा पहारेकरी, पिशवींत थापी आणि ओळंबा घेऊन निघालेला गवंडी, हँडलला दुधाच्या किटल्या अडकविलेला गडी, हॉटेलांत भांडीं घासणारा पोऱ्या, झाडूवाला. हे सारे उजाडण्यापूर्वीं जातात आणि साहेबांच्या मोटारी निघेपर्यंत कामाला लागलेले असतात, म्हणून साहेबांस ते दिसत नाहींत. (जें आपणांस दिसत नाहीं तें नाहींच, असें मानण्याची संवय या देशांत जुनी आहे.) २०११ च्या खानेसुमारींत शेती आणि घरगुती धंदे सोडून इतर कामांवर असणाऱ्यांस विचारलें कीं, तुम्ही कामावर कसे जातां? साऱ्या देशाचा हिशेब असा निघाला: शेंकडा १३ सायकलीनें, शेंकडा २२ ते २३ पायीं, आणि मोटारगाडींतून जाणारे शेंकडा ३ सुद्धां भरले नाहींत. घरांची मोजणी केली तेव्हां शेंकडा ४५ घरीं सायकल होती, मोटार शेंकडा ५ घरींही नव्हती. त्यानंतर फटफट्या पुष्कळ वाढल्या हें खरें. पण एवढी माणसें वाऱ्यावर विरून गेलीं नाहींत.

आतां आमच्या गांवची एक गोष्ट सांगतों. नांवें सांगत नाहीं, कारण दोघेही आमचे वाचक आहेत. एक जण साठीच्या घरांतला. जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. म्हणून पुण्यांत एका मोठ्या इमारतीवर रात्रीचा पहारा करतो, आणि भाड्याच्या खोलीपासून कामापर्यंत सात किलोमीटर सायकल हाणतो. दुसरा तिशींतला, आमच्या शाळेंत शिकलेला. त्यानें हप्त्यावर टेम्पो घेतला आहे आणि गांवोगांवचा भाजीपाला पुण्याच्या मार्केट यार्डांत नेतो. गेल्या हिंवाळ्यांत पहांटेच्या अंधारांत या टेम्पोचा आरसा म्हाताऱ्याच्या खांद्यास लागला. सायकल कडेच्या खडींत गेली, गळ्याजवळचें हाड मोडलें. टेम्पोवाला उतरला तो शिव्या देतच उतरला. "ए म्हाताऱ्या, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे काय?" जवळ जाऊन मोबाईलचा उजेड तोंडावर टाकला आणि त्याची जीभच थिजली. "नाना, तुम्ही?"

तो नात्यानें पुतण्या लागतो. त्यानें नानांस उचलून दवाखान्यांत नेलें; त्या दिवशींचा मालाचा सौदा बुडाला. नाना तीन महिने घरीं बसले आणि त्यांच्या जागीं मालकानें दुसरा माणूस ठेवला. गांवांत चार लोक बसले, पोरानें औषधपाण्याचा खर्च दिला, प्रकरण मिटलें. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां मात्र नाना जें बोलले तें मनांतून जात नाहीं. ते म्हणाले, "गुरुजी, माझं नशीब म्हणून पोरगा घरचा निघाला. परका असता तर मला तिथंच टाकून गेला असता. आणि याच्या टेम्पोखाली परका आला असता, तर हा तरी थांबला असता का?" पोरगा तेथेंच भिंतीला टेकून बसला होता. तो कांहीं बोलला नाहीं.

आमच्या समाजाचा खरा प्रश्न येथें आहे. मोटार म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें शेटसावकार येतो आणि सायकल म्हटली कीं गरीब. एके काळीं हें चित्र बरोबर होतें. आज टेम्पो, रिक्षा, ट्रक, भाड्याची मोटार, घरपोंच जेवण नेणारी फटफटी, यांवर बसलेला पुष्कळदां आमचाच पोरगा असतो. कुणबी, माळी, धनगर, सुतार, बौद्ध, मातंग, मुसलमान. माल दुसऱ्याचा, हप्ता पेढीचा, कंपनी परगांवची. घाई त्यांची आणि धडक आमची. भाजी लिलावाच्या आधीं पोंचली नाहीं तर भाव पडतो, जेवण वेळेंत गेलें नाहीं तर गिऱ्हाईक बोंब मारतें. हें सारें खरें. तरी चाकावर हात आपला असतो. आणि घाईपेक्षां वाईट अशी एक गोष्ट आम्ही पाहतों. दारांत फटफटी आली कीं बापाच्या सायकलीची लाज वाटूं लागते. ज्याच्या आज्यास गांवच्या वाटेवर थोरामोठ्यांपुढून अंग चोरून बाजूला व्हावें लागे, त्याचाच नातू आज भोंगा वाजवून दुसऱ्या गरिबास बाजूला करतो. "सरक, मोठा येतो आहे" ही हांक आम्हांस चांगली ओळखीची आहे. ती पूर्वीं सोवळ्यांतून येई, आतां भोंग्यांतून येते.

कायदा काय म्हणतो तें आमच्या वाचकांस ठाऊक असावें. १९८८ चा मोटारवाहन कायदा सायकलीस मोटारवाहन मानीत नाहीं. म्हणून तिची नोंदणी नाहीं आणि चालविणाऱ्यास परवाना लागत नाहीं. यावरून पुष्कळ शहाणे असा अर्थ काढतात कीं, सायकलवाला हा रस्त्यावरचा फुकट्या, त्याला हक्क कसला? अर्थ बरोबर उलटा आहे. परवाना कोणास लागतो? ज्याच्या हातून दुसऱ्याचा जीव जाण्याचें भय आहे त्यास. बंदुकीस परवाना लागतो, काठीस लागत नाहीं. पायीं चालणारा आणि सायकलवाला रस्त्यावर हक्कानें येतात. मोटारवाला अटींवर येतो. "आम्ही गाडीचा कर भरतों" असें जे म्हणतात त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, साबण, चहा, कापड आणि खुद्द सायकल घेतांना गरीबही कर भरतोच, आणि त्याच्या सायकलीनें रस्त्यास खड्डा पडत नाहीं. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतच स्पष्ट लिहिलें होतें कीं, जेथें पायीं चालणाऱ्यांसाठीं किंवा सायकलींसाठीं वेगळी वाट राखलेली आहे तेथें मोटार घालूं नये. २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तर मोकळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असें सांगितलें.

सार्वजनिक वस्तु कोणाची, हा प्रश्न आमच्या चळवळीस नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. पुढें १८७६ ते १८८२ पर्यंत ते पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. रस्त्याचाच दाखला हवा असेल तर १९२४ सालीं त्रावणकोरांत वायकोम येथें देवळाभोंवतालच्या रस्त्यांवरून नुसतें चालतां यावें म्हणून सत्याग्रह करावा लागला, आणि पेरियार रामस्वामी त्यासाठीं तुरुंगांत गेले. त्या अपमानाची आणि आजच्या या हालांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. तशी ती करणें म्हणजे त्या लोकांनीं जें सोसलें त्याची थट्टा होईल. पण सार्वजनिक म्हणजे ज्याच्यापाशीं बळ जास्त त्याचें नव्हे, एवढें तरी त्या झगड्यांतून ठरलें होतें. तें डांबरावर आल्याबरोबर विसरावयाचें काय?

पुणें शहरानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. आकुर्डीस स्कूटरचा कारखाना निघाला, तेथें आमच्याच खेड्यांतल्या पोरांना पोट मिळालें, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु गाड्या वाढत गेल्या त्या इतक्या कीं, २०१८ सालीं शहरांत नोंदलेलीं वाहनें माणसांहून अधिक झाल्याची बातमी वर्तमानपत्रांनीं छापली. मध्यंतरीं २००६ सालीं कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर जलद बसचा प्रयोग सुरू झाला, त्याच्या कडेनें सायकलींसाठीं पट्टे बांधले. २०१७ च्या डिसेंबरांत महापालिकेनें सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाईलनें कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्तोरस्तीं दिसूं लागल्या. थोड्याच वर्षांत त्या नाहींशा झाल्या. ज्याच्यापाशीं तसला मोबाईल आणि त्यांत पैसे, त्यालाच त्या मिळत, म्हणून आमच्या पहारेकऱ्यास त्यांचा उपयोग नव्हताच.

पट्ट्यांची हकीकत निराळी. त्यांवरून आम्ही स्वतः चालून पाहिलें. कोठें मोटारी लावून ठेवलेल्या, कोठें मधोमध विजेचा खांब, कोठें गटाराचें झांकण वीतभर वर, कोठें भज्यांची गाडी. (भजीवाल्यास आम्ही दोष देत नाहीं, त्यालाही कोणीं जागा दिलेली नाहीं.) एवढें करून चौक जवळ आला कीं पट्टा संपतो, म्हणजे जेथें जिवाला खरा धोका तेथेंच सायकलवाल्यास वाऱ्यावर सोडलेलें. मोजणी कामगारानें बांधावर पाय न ठेवतां चावडींत बसून शेताचा नकाशा काढावा, तसें हें काम झालें आहे. शेतकऱ्यास असला नकाशा दाखविला तर तो हंसेल. येथें मात्र त्यावर पैसा खर्च होऊन गेला, आणि पुन्हां वर "सायकलवाले पट्टा वापरीतच नाहींत" असें म्हणावयास मंडळी मोकळी.

शहर मोठें झालें म्हणजे सायकल जाणारच, त्याला इलाज काय, असें कोणी म्हणेल. इलाज दोन तऱ्हांचे असतात. कलकत्त्यानें एक केला. तेथील पोलिसांनीं २०१३ सालीं १७४ रस्त्यांवर सायकलीस मनाई केली. दूधवाला, मासेवाला, वर्तमानपत्रें टाकणारा, यांच्या पोटावर पाय पडला. धडक देणारा राहिला आणि धडक खाणारा हांकलला गेला.

दुसरा इलाज हॉलंड देशानें केला. तेथें सायकली पूर्वींपासून होत्या, पण युद्धानंतर मोटारी वाढल्या आणि सायकली मागें हटूं लागल्या. १९७१ सालीं त्या एवढ्याशा देशांत तीन हजारांहून अधिक माणसें रस्त्यावर मेलीं, त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचें नांवच 'मुलांचे खून थांबवा' असें होतें. 'वाहतूक सुरक्षितता सप्ताह' असलें गुळमुळीत नांव त्यांनीं घेतलें नाहीं, हें आम्हांस फार आवडतें. पुढें त्या देशानें रस्ते बदलले, वस्त्यांतून वेग तासीं ३० किलोमीटरवर आणला, आणि कायद्यांत असें घातलें कीं, मोटारीनें सायकलवाल्यास इजा केली तर भरपाईचा बोजा मोटारवाल्यावर. ती टाळणें आपल्या हातांत मुळींच नव्हतें असें त्यानें सिद्ध केलें तरच तो सुटतो. मूल चौदा वर्षांच्या आंतलें असेल तर त्याची चूक सहसा धरीतच नाहींत. आमच्या लोहारास हा कायदा समजावून सांगावा लागणार नाहीं. ज्याच्या हातांत घण आहे त्यानें ऐरणीजवळच्या पोराकडे पाहावयाचें असतें; पोरानें घणाकडे पाहात राहावें असें कोणताही लोहार म्हणत नाहीं.

शाळेंत मुलांस आम्ही एक गणित घालतों. तासीं ६० किलोमीटर जाणारी गाडी एका सेकंदांत किती जाते? उत्तर, जवळजवळ १७ मीटर. डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो; म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच गाडी आमच्या शाळेचे दोन वर्ग ओलांडून गेलेली असते. आणि वेग दुप्पट केला तर माराचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. मुलें हें गणित बरोबर सोडवितात. मोठीं होऊन चाकावर बसलीं कीं विसरतात.

म्हणून आमच्या चाकावर बसणाऱ्या पोरांस सांगतों: सायकलवाला रेघेंत जात नाहीं म्हणून त्याच्यावर ओरडूं नका. खड्डा, वाळू, झांकण त्याला चुकवावेंच लागतें. त्याच्या अंगावरून जातांना हात पसरला तरी लागणार नाहीं इतकी जागा सोडा. जागा नसेल तर मागें थांबा. मागून एकदम भोंगा वाजविला तर म्हातारा माणूस दचकून नेमका तुमच्याच पुढें येतो. उभ्या मोटारीचें दार दाराकडच्या हातानें न उघडतां दुसऱ्या हातानें उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतें आणि मागून येणारा दिसतो. ही युक्ति फुकटची आहे.

सायकलवाल्या गड्यांसही दोन शब्द. लांबचा वळसा वांचविण्यासाठीं उलट्या बाजूनें येऊं नका. मध्यें दुभाजक घालून वळसा लांब केला तो दुसऱ्यांनीं, हें आम्ही जाणतों. पण समोरून येणाऱ्यास तुम्ही तेथें असाल ही कल्पनाच नसते. रात्रीं मागच्या मडगार्डावर तांबडी चकाकती पट्टी असूं द्या. ट्रक वळत असतां त्याच्या डाव्या अंगास शिरूं नका. तेथें तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाहीं. चूक दोघांकडूनही होते. फरक इतकाच कीं, मोटारवाल्याच्या चुकीनें सायकलवाला मरतो आणि सायकलवाल्याच्या चुकीनेंही सायकलवालाच मरतो. २०२२ सालीं या देशांत १,६८,४९१ माणसें रस्त्यांवर मेलीं. त्यांत ३२,८२५ नुसतीं पायीं चालणारीं होतीं.

अशा वेळीं आमचीं घरें नशिबाला बोल लावून गप्प बसतात, तें बरोबर नव्हे. प्रत्येक मोटारीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे आणि मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणाकडे भरपाई मागतां येते. २०१९ च्या दुरुस्तीनें अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली. त्या मुदतीवर न्यायालयांत वाद झाले आहेत, पण गरिबानें त्या वादावर विसंबूं नये, दिवसकार्य आटोपलें कीं कागदाच्या मागें लागावें. धडक देऊन पळालेली गाडी सांपडली नाहीं तरी, १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणें मृत्यूस दोन लाख आणि जबर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठीं पोलिसांत वर्दी दिलेली पाहिजे आणि अपघात जेथें झाला तेथील प्रांत किंवा तहसीलदार कचेरींत चौकशी करावी. जखमी माणसास उचलून दवाखान्यांत नेणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाहीं. तेंही कायद्यांत २०१९ पासून लिहिलेलें आहे. कज्जा मागें लागेल या भयानें कोणी माणूस रस्त्यांत टाकून जाऊं नये.

नाना पुन्हां सायकलीवर आहेत. पगार पूर्वींहून कमी, जागा आणखी दोन किलोमीटर लांब. पुतण्यानें त्यांच्या मडगार्डावर तांबडी पट्टी लावून दिली. ज्या वळणावर ते पडले तेथील दिवा बंद होता, म्हणून त्यांच्या नांवें आम्हीं संबंधित कचेरीस अर्ज लिहून दिला. पोंच मिळाली आहे, दिवा लागलेला नाहीं. आमच्या ज्या वाचकांचे बाप, भाऊ, लेकी पुण्यास सायकलीनें कामावर जातात त्यांनीं रस्त्याचें नांव, जाण्यायेण्याची वेळ आणि अडचण एका कार्डावर लिहून आमच्याकडे धाडावी. अक्षर कसेंही असो. आम्ही तीं कार्डें रस्त्यावार लावून या पानावर छापूं आणि तो अंक महापालिकेंत नेऊन देऊं.